सोसायटीचं गार्डन रिकामं आणि चाळीचं अंगण भरलेलं, असं का?

तुमचा प्रश्न असा, की सोसायट्यांत एवढी गार्डनं असून तिथं कुणी फिरकत नाही, मग चाळीत जागा नसताना लोक सदा बाहेर कसे? मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळीत (इंग्रजांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या) माझी पहिली चोवीस वर्षं गेली, आता ठाण्यात पोडियमवाल्या, म्हणजे पार्किंगच्या छतावर गार्डन असलेल्या सोसायटीत राहते, म्हणून लिहिते.

जागा नव्हती ती खोलीत. १९२० च्या दशकातल्या या चाळी, तळ अधिक तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. दोन चाळींमधल्या पट्ट्यावर दोन्हीकडून सत्तर-ऐंशी खिडक्या उघडायच्या. त्या पट्ट्याला आम्ही अंगण म्हणायचो आणि त्याचं वेळापत्रक कुठंही लिहिलेलं नव्हतं. मे महिन्यात सकाळी ते बायकांचं. खाटेवर धोतराचं धुतलेलं पान, त्यावर कुरडया, आणि काठी घेऊन कावळे हाकायला मी. एकदा कावळा नाही, टेनिस बॉल आला, थेट ओल्या कुरडयांत. आईपेक्षा समोरच्या आजीच जास्त कडाडल्या. तेव्हापासून वाळवण उचलेपर्यंत बॅट बाहेर काढायची नाही, हे पोरांनी वर्षानुवर्षं पाळलं. पुढं संध्याकाळ त्यांची: एक टप्पा आऊट, खिडकीवर बसला तर आऊट आणि शिव्याही तूच खायच्या. गुरुपौर्णिमेनंतर रात्री हंडीचा सराव. उकाड्यात पुरुषमंडळींच्या खाटा. हळदीचा मांडव आणि तिरडी, दोन्ही तिथंच बांधली जायची.

फार गोड करून सांगत नाही. बारा-तेरा वर्षांची झाले आणि दिवेलागणीला मला वर बोलावणं सुरू झालं. कुणाशी बोलले हे सगळ्या खिडक्यांना ठाऊक. आणि सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला चाळीचं कौतुक ऐकवू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये या चाळींच्या पुनर्विकासात वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा मला आनंदच झाला.

आता आमचं पोडियम. हिरवळ, दोन झोपाळे, आणि पाटी: खेळू नये, हिरवळीवर बसू नये, कपडे वाळत घालू नयेत. मग करायचं काय तिथं? मुद्दाम चपला घालून, लिफ्टनं जाऊन नुसतं बसायचं? बाराव्या मजल्यावरून 'जेवायला ये रे' अशी हाकही पोचत नाही.

गर्दी असते ती गेटवर, वॉचमनच्या केबिनशेजारच्या बाकावर. तिथं शाळेची बस येते, भाजीवाला येतो, पार्सलं येतात, कोण कुठं निघालं ते कळतं. मागच्या वर्षी कमिटीनं 'ज्येष्ठांना शांत जागा' म्हणून तो बाक उचलून वर गार्डनमध्ये नेऊन ठेवला. आठवड्याच्या आत आजोबामंडळींनी घरून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून गेटवर मांडल्या.