दात दोन पडलेत, बिल दहांचं आलंय

ताई,

पत्र मिळालं, सोबत पाठवलेला एस्टिमेटचा फोटोही नीट वाचता आला. बाकीच्या वाचकांना संदर्भ कळावा म्हणून तुमची हकीकत थोडक्यात सांगतो. तुम्ही ६२ वर्षांच्या, अनुदानित शाळेतून निवृत्त, राहायला सिंहगड रोडला. घर पेन्शनवर चालतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तुमचे १५ लाख आहेत, खातं उघडून चौदा महिने झालेत. त्याचं तिमाही व्याज घरखर्चाला लागत नाही, ते वेगळ्या खात्यात साचतं आणि आज तिथे ८५,००० रुपये आहेत. शिवाय बँकेत अडीअडचणीसाठी ४ लाखांची एफडी. खालची डावीकडची पहिली दाढ चार वर्षांपूर्वी काढली, तिथे काहीच बसवलं नाही. यंदाच्या पावसाळ्यात सोसायटीच्या जिन्यावर पाय घसरला आणि वरचा, पटाशीच्या शेजारचा दात गेला. मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. बाणेरच्या एका कॉस्मेटिक डेंटल क्लिनिकने ३,४०,००० रुपयांचा आकडा दिलाय. आठवड्याभरात एकरकमी भरले तर १५ टक्के सूट, नाहीतर बारा महिन्यांचा ‘नो कॉस्ट ईएमआय’. तुम्ही विचारताय की बचत योजनेचं खातं मोडू की ईएमआय घेऊ. आणि यजमान म्हणताहेत, या वयात कशाला, काढता-घालता येणारा दात करून घे.

माझं उत्तर, तिन्हींपैकी एकही नको. खातं मोडू नका, ईएमआय घेऊ नका आणि यजमानांचंही लगेच ऐकू नका.

आधी एस्टिमेटचा कागद पुन्हा हातात घ्या. दोन इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायचे दात) कॅपसकट, प्रत्येकी ६२,००० प्रमाणे १,२४,०००. स्कॅन, एक्स-रे वगैरे १२,०००. इथपर्यंत पडलेल्या दातांचा खर्च झाला, १,३६,०००. त्याखाली आठ व्हेनिअर्स, प्रत्येकी २४,०००, म्हणजे १,९२,०००. आणि ‘स्माइल डिझाइन व व्हाइटनिंग’ १२,०००. म्हणजे एकूण बिलाचा ६० टक्के भाग तुमच्या तोंडात जे दात धडधाकट आहेत त्यांच्यावर आहे. तुम्ही गेलात दोन दातांसाठी. पत्रात तुम्ही लिहिलंय की हसताना आपोआप पदर तोंडावर जातो. वाचून वाईट वाटलं, पण तो पदर एका फटीमुळे जातो ना? तिथे एक दात आला की प्रश्न मिटतो. शेजारचे दात थोडे पिवळट आहेत म्हणून कुणी पदर घेत नाही.

व्हेनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूवर चिकटवायची पातळ कपची. ती बसण्यासाठी बहुतेक वेळा वरचं इनॅमल थोडं घासावं लागतं आणि घासलेलं इनॅमल परत येत नाही. या कपच्या साधारण दहा-पंधरा वर्षं टिकतात, म्हणजे सत्तरीत केव्हातरी हा खर्च पुन्हा दारात उभा राहणार, तोही तेव्हाच्या भावाने. हौस करू नका असं मी म्हणत नाही. चाळीस वर्षं फळ्यापुढे काढलेल्या बाईने स्वतःवर दोन लाख उडवले तर माझी काही हरकत नाही. फक्त हौसेचा खर्च औषधोपचाराच्या बिलात मिसळून समोर आला की त्याला नाही म्हणायला जीभ उचलत नाही. दोन वेगळी एस्टिमेट्स मागा. व्हेनिअर्सचा कागद लग्न झाल्यावर, वर्षभराने काढा. तेव्हाही मन झालं तर जरूर करा.

आता उरलेल्या १,३६,००० कडे येऊ. तोही आकडा पक्का नाही, कारण इम्प्लांट हा एकच मार्ग नाही. मी दातांचा डॉक्टर नव्हे, पण पैशाच्या बाजूने तीन पर्याय असे दिसतात.

काढता-घालता येणारा दात सर्वांत स्वस्त. पण गेलेल्या एका दाढेसाठी तो केलेले बरेच लोक दोन महिन्यांनी तो डबीत ठेवतात, कारण टोचतो, खाली अन्न अडकतं, सवय होत नाही. मग तो स्वस्त कसला? यजमानांना सांगा, दात कोरून पोट भरत नाही. शिवाय दाढ नसली की समोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरते आणि शेजारचे दात त्या फटीत कलतात. तुमची जागा चार वर्षं रिकामी आहे, त्यामुळे हे कितपत झालंय ते आधी तपासायला हवं. आणि ६२ हे काय वय झालं? अजून वीस-पंचवीस वर्षं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायची आहे.

ब्रिजमध्ये दोन्ही बाजूंचे दात कापून बारीक करतात आणि तीन दातांचा जोडलेला पूल त्यांच्यावर बसवतात. दोन-तीन आठवड्यांत काम होतं, शस्त्रक्रिया नाही. तुमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या डॉक्टरांनी दाढेसाठी ३०,००० सांगितलेत ते याचेच. यात खरा प्रश्न शेजारच्या दातांचा आहे. त्यांचं आधीच रूट कॅनाल झालेलं असेल, कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा शहाणपणाचा सौदा. पण ते अगदी निरोगी असतील तर एका दातासाठी दोन चांगले दात कापले जातात, आणि पुढे पुलाखाली कीड लागली तर तीनही जागांचा खर्च एकदम अंगावर येतो.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांच्या लक्षात आलं आणि १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णावर ते वापरलं. शेजारच्या दातांना हात लावावा लागत नाही आणि स्क्रू नीट धरला तर कित्येक वर्षं टिकतो. वरची कॅप मात्र मधे एकदा बदलावी लागू शकते, हिरड्यांची निगाही राखावी लागते. हाडाने स्क्रू धरायला साधारण तीन ते सहा महिने जातात. त्यानंतर कायमचा दात.

हे तीन ते सहा महिने तुमच्या पैशाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहेत. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, म्हणजे हातात जेमतेम दोन-अडीच महिने. काही रुग्णांना स्क्रू बसवल्या दिवशीच तात्पुरता दात लावता येतो, पण कायमचा दात लग्नाआधी व्हायची शक्यता कमीच. मग लग्नाच्या नावाखाली आठवड्यात तीन लाख भरायची घाई कशासाठी? लग्नाच्या फोटोंसाठी पुढच्या जागी चांगल्या रंगाचा तात्पुरता दात करून घ्या. काही हजारांचं काम आहे. यजमानांचा काढता-घालता दात इथे मात्र चालेल, दोन-तीन महिन्यांसाठी.

आता ईएमआय. नो कॉस्ट म्हणतात, पण रोख दिले तर तेच काम १५ टक्के सूट धरून २,८९,००० ला होतंय. म्हणजे खरी किंमत २,८९,०००, आणि ईएमआयवाल्याकडून बारा हप्त्यांत २८,३३३ प्रमाणे ३,४०,००० वसूल. वरचे ५१,००० व्याजच आहे. हिशेब मांडला तर व्याजदर वर्षाला ३० टक्क्यांच्या वर जातो. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. आणखी एक. असं कर्ज क्लिनिक देत नाही, एखादी फायनान्स कंपनी देते. ती क्लिनिकला पैसे आधी देऊन मोकळी होते. उपचार रखडले, डॉक्टर बदलले, क्लिनिक बंद पडलं, तरी हप्ते तुमच्या खात्यातून जातच राहतात.

बचत योजनेचं खातं मोडणं तर त्याहून महाग. त्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झालं आणि दोन वर्षं व्हायची आहेत, म्हणून मुद्दलातून दीड टक्का कापला जाईल. १५ लाखांवर ते २२,५०० होतात. म्हणजे सदाशिव पेठेतल्या ब्रिजचे पाऊण पैसे दंडातच गेले. आणि ८.२ टक्क्यांचा, मुदतभर न बदलणारा दर हातचा गेला तो वेगळाच.

मग पैसे कुठून? तुमच्याकडेच आहेत. ८.२ टक्क्यांनी १५ लाखांवर तिमाही व्याज ३०,७५० रुपये, आणि ते १ ऑक्टोबर, १ जानेवारी, १ एप्रिलला जमा होतं. साचलेले ८५,००० आणि हे तीन हप्ते मिळून एप्रिलपर्यंत १,७७,२५० होतात. टीडीएस कापला जात असेल तर थोडे कमी. दोन्ही जागी इम्प्लांट करायचं ठरलं तरी १,३६,००० त्यात बसतात, वर तात्पुरत्या दाताचे आणि हाड भरावं लागलं तर त्याचे निघतात. उपचारच टप्प्याटप्प्याने व्हायचे असतील तर पैसेही तसेच द्या. स्कॅनचे स्कॅनच्या दिवशी, स्क्रूचे स्क्रू बसवताना, आणि कॅपचे कॅप बसवून चार दिवस जेवून पाहिल्यावर. चांगले डॉक्टर याला सहसा नाही म्हणत नाहीत. जे म्हणतील त्यांच्याबद्दल मी दोनदा विचार करीन. फारच ओढाताण झाली तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. साधारण साडेआठ टक्के दर धरला तर लाखाला पाच महिन्यांचे साडेतीन हजार पडतात. वेळ येईल असं वाटत नाही.

मेडिक्लेमचं विचारलंत. बहुतेक पॉलिसींत दातांचा खर्च बसत नाही. अपघाताने इजा झाली आणि त्यासाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागलं, तरच बसतो. तुम्ही पडलात, पण ओपीडीत टाके घालून घरी आलात. तरी पॉलिसीत ओपीडीचं कलम आहे का ते वाचून पाहा, टाक्यांचे कागद टाकू नका. आणि रिसेप्शनवरच्या मुलीने ‘टॅक्समध्ये मिळेल’ म्हटलंय ते तुम्हाला लागू नाही. ज्येष्ठांच्या औषधोपचारावर आयकरात मिळणारी ५०,००० पर्यंतची सवलत जुन्या करप्रणालीत आहे आणि ती मेडिक्लेम नसलेल्यांसाठी. तुमचा मेडिक्लेम चालू आहे.

डॉक्टर निवडताना पाटीवरच्या शब्दांना भुलू नका. ‘कॉस्मेटिक डेंटिस्ट’ नावाची एमडीएसची, म्हणजे दातांच्या पदव्युत्तर पदवीची, शाखा आपल्याकडे नाही. गेलेल्या दातांच्या जागी दात बसवणं हे प्रॉस्थोडोन्टिक्सचं काम, स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया हिरड्यांचे म्हणजे पेरिओचे किंवा जबड्याचे सर्जन करतात. नुसते बीडीएस (पदवी) झालेले डॉक्टरही प्रशिक्षण घेऊन हे उत्तम करतात, त्यामुळे डिग्रीवर अडून बसू नका. पण एक जरूर विचारा, स्क्रू नक्की कोण बसवणार? बऱ्याच क्लिनिकमध्ये सर्जन बाहेरून येतात, आठवड्यातून एखाद्या दिवशी. त्यांचं नाव, महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक, आणि रात्री सूज आली तर फोन कुणाला करायचा, हे आधी कळलं पाहिजे.

दुसरं मत घ्याच, आणि जिथे कुणाला तुम्हाला काही विकायचं नाही अशा ठिकाणी घ्या. वडगावचं सिंहगड डेंटल कॉलेज आणि धनकवडीचं भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज, दोन्ही तुमच्यापासून लांब नाहीत. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो, वेळ आणि खेपा मात्र जास्त लागतात. निवृत्त माणसाकडे वेळ असतो, असं निदान लोक तरी समजतात. उपचार तिथे नाही केलेत तरी तपासणीला जा आणि शेजारचे दात कसे आहेत एवढा एकच प्रश्न विचारून या.

इम्प्लांटचं ठरलंच तर एस्टिमेटमध्ये स्क्रूच्या कंपनीचं नाव लिहून घ्या. तुमच्या कागदावर नुसतं ‘इम्पोर्टेड’ आहे, त्याने काहीच कळत नाही. स्वित्झर्लंडचा आणि कोरियाचा स्क्रू यांच्या किमतीत मोठा फरक असतो. स्क्रूच्या डबीवर छोटा स्टिकर असतो, त्यावर कंपनी, जाडी, लांबी आणि लॉट नंबर छापलेला. तो सोलून तुमच्या कार्डावर चिकटवून मागा. दहा वर्षांनी मुलीकडे गेला असाल आणि कॅप हलायला लागली, तर तिथल्या डॉक्टरांना त्याच कंपनीचा पेचकस आणि सुटे भाग लागतात. आणि ‘लाइफटाइम वॉरंटी’ कशाची, तेही विचारा. बहुतेकदा ती स्क्रूपुरती असते. तो पुन्हा बसवायची फी त्यात नसते.

शेवटचं पैशांचं नाही, पण पैशांवर परिणाम करणारं आहे. पत्रात ओझरता उल्लेख आहे की तुमचं एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ८.१ आलंय आणि हाडांसाठी आठवड्याची एक गोळी चालू आहे. या दोन्ही गोष्टी एस्टिमेट देणाऱ्या क्लिनिकने विचारल्या होत्या का? साखर आटोक्यात नसेल तर जखम भरायला आणि हाडाने स्क्रू धरायला अडचण येते. हाडांच्या काही गोळ्यांमुळे जबड्याच्या शस्त्रक्रियेत क्वचित, पण गंभीर त्रास होऊ शकतो. गोळी आपणहून बंद करू नका. गोळीची पट्टी आणि रिपोर्ट घेऊन आधी फिजिशियनकडे जा, त्यांची चिठ्ठी दातांच्या डॉक्टरांना दाखवा. साखर खाली आणायला तीन महिने लागले तरी जानेवारीचं व्याज तोवर जवळ आलेलं असेल.

क्लिनिकमधून सवलतीच्या मुदतीचा फोन येईलच. दोन वेगळी एस्टिमेट्स लेखी पाठवा, एवढंच सांगा.