तिकडच्या फॉर्मवरची एक टिक

तासगावच्या एका वडिलांनी विचारलंय, असलेच मेल सारखे येत असतात म्हणून इथंच लिहितो. जावई इंग्लंडात, लेस्टरला. मुलगी दिवाळीला माहेरी आली ती त्यानं परत नेलीच नाही, आणि आता तिथल्या कोर्टाचे घटस्फोटाचे कागद तिच्या मेलवर आलेत. तिथला सॉलिसिटर, म्हणजे वकील, म्हणतो विरोध करून उपयोग नाही, ‘विरोध नाही’ वर टिक करा आणि पाठवून द्या. करू का?

केली नसेल तर हात आवरा.

सॉलिसिटर खोटं सांगत नाहीये. एप्रिल २०२२ पासून इंग्लंडात एकानं नुसतं लिहून दिलं की संसार मोडला, झालं, कारण कोण विचारत नाही. भांडायचं तर कोर्टाला अधिकार आहे का, लग्न कायदेशीर होतं का, असल्या मोजक्याच मुद्द्यांवर. पण तो बघतोय तिकडचं, आणि पोरगी राहतीय तासगावात. आपल्या सुप्रीम कोर्टानं १९९१ ला नरसिंह राव केसमधे सांगून ठेवलंय की परदेशातला घटस्फोट हिंदू विवाह कायद्यातल्या कारणावरच झालेला पाहिजे, आणि ‘संसार मोडला’ हे कारण त्या कायद्यात नाहीच. मग जावयाला वाट कुठली उरते? बायकोची संमती. उद्या त्याचा वकील हीच टिक संमती म्हणून सांगलीच्या कोर्टात पुढं करणार. मुलगी तिथं किती वर्षं राहिली यावर पण थोडंफार फिरतं, ते कागद बघितल्याशिवाय मी बोलणार नाही.

आता तारखेचं. तुम्ही लिहिलंच नाही, पण खाली फॉरवर्डमधे दिसतंय, मेल येऊन महिना उलटलाय! पोच द्यायची मुदत तिथं राहणाऱ्याला १४ दिवस, परदेशात असेल तर थोडी जास्त, आणि तुम्ही म्हणे मामांना विचारत बसला होता. केस दाखल झाल्यापासून २० आठवड्यांनी जावई घटस्फोटाचा पहिला हुकूम मागू शकतो, त्यानंतर ६ आठवडे गेले की शेवटचा, म्हणजे अजून वेळ आहे पण लोळायला नाही. सॉलिसिटरला आजच लेखी कळवा की संमती नाही, अधिकाराला हरकत आहे, आणि ते कोर्टाच्या रेकॉर्डवर जाऊ दे. संसारात काय झालं त्याचा पाढा तिथं वाचू नका.

आणि इथं सांगलीत अर्ज टाका. हिंदू विवाह कायद्यातल्या २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको जिथं राहते तिथं तिला दाखल करता येतं, पोटगी सोबतच मागा. समन्स तिकडं बजावायलाच इतके महिने खातात की आधी टाकलेला बरा. एवढं करून पण लेस्टरची केस थांबेल असं नाही, तो तिकडं मोकळा आणि इकडं ही त्याची बायको, असं त्रांगडं होऊ शकतं.

मुलीला स्वतःलाच सुटायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग ती संमती फुकट देऊ नका, स्त्रीधन आणि पैशाचं आधी लेखी ठरवा. घटस्फोटातल्या पैशाचा तिकडचा अर्ज करायचा राहिला आणि तिनं दुसरं लग्न केलं तर बरेचसे हक्क जातात, हे तिला विचारायच्या आधी तुम्ही माहीत करून घ्या.

मूळ मेल जसाच्या तसा पाठवा, स्क्रीनशॉट नको.