नवीन साईटचं फक्त होमपेज गुगलवर येतंय, एसईओ पॅकेज घेऊ का?

एसईओचं, म्हणजे साईट गुगलवर वर आणायच्या कामाचं, पॅकेज आधी थांबवा. दादरला तुमचं पैठणीचं दुकान आहे, नवी साईट करून बरेच महिने झाले आणि गुगलवर होमपेज सोडून एकही पान सापडत नाही, असं तुम्ही म्हणताय. मग हा रँकिंगचा प्रॉब्लेम नाहीच, गुगलबॉट (साईटची पानं वाचत फिरणारा गुगलचा प्रोग्रॅम) आतल्या पानांपर्यंत पोचत नाहीये बहुतेक. पॅकेजवाला तुम्हाला बाहेरच्या लिंका विकणार आणि त्या सगळ्या येणार कुठे, तर त्याच होमपेजवर!

पहिला मेनू बघा. हल्ली सगळ्यांना जावास्क्रिप्टवर चालणाऱ्या रिॲक्टमधेच साईट हवी असते (माझंही पोट त्यावरच आहे, तक्रार नाही), आणि मेनू बनवताना डेव्हलपर एक डिव्ह (नुसता चौकोन) टाकून त्याला ऑनक्लिक (क्लिक झाल्यावर चालणारा कोड) लावून मोकळा होतो, माणसाने बोट लावलं की पान उघडतं, पण बॉट क्लिक करत नाही आणि आपल्यासारखा स्क्रोलही करत नाही, तो ए टॅगच्या, म्हणजे खऱ्या लिंकच्या, एचरेफमधे लिहिलेला पत्ता उचलतो आणि तिथे जातो. मेनूतल्या नावावर राईट क्लिक करा, 'नव्या टॅबमधे उघडा' आलं नाही तर तिथेच डेव्हलपरला फोन लावा. खाली सरकवत गेलं की अजून साड्या येतात, त्याचंही तेच, सोबत पान २, पान ३ अशा खऱ्या लिंका हव्यातच.

जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमधे चालणारा कोड, गुगल चालवतो, २०१९ पासून त्याचा बॉट क्रोमच्या ताज्या व्हर्जनवर असतो. पण ते काम रांगेत लागून नंतर होतं आणि बाकीच्या बऱ्याच बॉटना ते जमत नाही, त्यामुळे साडीचं नाव, किंमत, वर्णन सर्व्हरवरूनच एचटीएमएलमधे (पानाच्या मूळ कोडमधे) आलेलं बरं.

आता एक खास आपल्याकडची गोष्ट. पॅम्प्लेट छापणाऱ्याकडचा मजकूर तसाच साईटवर चिकटवलाय का? डीटीपीवाले अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधे टाईप करतात, त्यात स्क्रीनवर 'येवल्याची पैठणी' दिसलं तरी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते आणि बॉट ती खिचडीच वाचतो. साईटवरचं एक वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा, लगेच कळेल. मजकूर कॉपीच होत नसेल तर तो बहुतेक फोटोत आहे, म्हणजे अजूनच वाईट.

बॉटने कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या रोबोट्स डॉट टीएक्सटी फाईलमधे साड्यांचा विभाग अडवलाय का तेही बघून घ्या. आणि एखादं पान गुगलवर नको असेल तर नोइंडेक्स ('हे पान गुगलवर दाखवू नका' अशी पानातली खूण) लावा, पण मग तेच पान रोबोट्समधे अडवू नका, कारण अडवलेलं पान बॉट उघडतच नाही, मग नोइंडेक्स त्याला दिसणार कसं? साईटमॅप (साईटच्या पानांच्या पत्त्यांची यादी) द्या जरूर, एका फाईलमधे ५०,००० पत्ते मावतात, तुम्हाला एक पुरे. त्यातल्या प्रायोरिटीच्या आकड्यांवर वेळ घालवू नका, गुगल ते बघत नाही.

हे झालं की सर्च कन्सोल (साईटमालकांसाठीचं गुगलचं टूल) उघडा, फुकट आहे. एका साडीच्या पानाचा पत्ता टाकून लाईव्ह टेस्ट मारा, बॉटला मिळालेलं एचटीएमएल आणि स्क्रीनशॉट दोन्ही दिसतं. ते घेऊन पॅकेजवाल्याला दुकानात बोलवा आणि विचारा, यात साडीचं नाव कुठाय ते दाखव. दाखवता आलं नाही तर चहा पाजा आणि पाठवून द्या.