वाचकांचे प्रश्न : बाळाची कुंची, काळे पडणारे वाळे आणि घरच्यांपुरता गोळाभात

प्रश्न : मुलीची कुंची, पहिलं झबलं आणि चांदीचे वाळे एका फ्रेममध्ये बसवून हॉलमध्ये लावायचे आहेत. नातेवाइकांकडे अशीच फ्रेम आहे, पण दोन पावसाळ्यांत झबल्यावर पिवळे डाग उमटले आणि वाळे काळे पडले. आमची फ्रेम टिकावी म्हणून काय करावं? (एक वाचक, मनीषनगर, नागपूर)

उत्तर : ते डाग बहुधा आधीपासूनच कापडात असणार. बाळाने टाकलेलं दूध धुतल्यावर दिसेनासं होतं, पण त्याचा अंश धाग्यात राहतो आणि पुढे पिवळा पडतो. म्हणून झबलं स्वच्छ दिसत असलं तरी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, तीनदा खळबळून काढा आणि सावलीत वाळवा. खळ किंवा नीळ अजिबात नको. खळ लावलेल्या कापडावर कसर हमखास येते. इस्त्री केलीत तर कापड पूर्ण निवल्यावरच आत ठेवा. कुंची जरीची किंवा रेशमी असेल तर ती घरी धुऊ नका, मऊ ब्रशने झटकून घ्या.

फ्रेम किमान २ इंच खोलीची हवी. काच कापडाला टेकता कामा नये, मध्ये १ सेंटिमीटर तरी मोकळी जागा राहू द्या. काच टेकली की पावसाळ्यात तिथेच ओल धरते आणि बुरशीची सुरुवात तिथूनच होते. मागे उघडा प्लायवूड नको, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाने कापड पिवळं पडतं. फ्रेमवाल्याकडे ॲसिड-फ्री माउंट मागा. त्यावर धुतलेलं सुती कापड ताणून बसवा आणि झबलं त्यालाच सुती दोऱ्याने टाका. खांदे, बाह्यांची टोकं आणि खालचा घेर मिळून सात-आठ सैल टाके पुरतात. झबल्याच्या आत मलमलचा पातळ तुकडा घातला की ते सपाट पडत नाही, अंगात घातल्यासारखं दिसतं. गोंद वापरू नका. चिकटवलेलं कापड पुन्हा सुटत नाही आणि गरम करून लावलेला गोंद आपल्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत तापणाऱ्या नऊ दिवसांत, ढिला पडतो. साध्या टाचण्याही नकोत, त्या गंजतात.

वाळे काळे पडतात ते हवेतल्या गंधकामुळे. फ्रेममध्ये रबर, नमदा किंवा लोकरी कापड असेल तर ते आणखी लवकर काळवंडतात. बसवण्याआधी स्टीलच्या भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, लिटरभर कढत पाण्यात २ टेबलस्पून खायचा सोडा घाला आणि वाळे फॉइलला टेकतील असे पाच मिनिटं ठेवा. काळेपणा चांदीवरून निघून फॉइलवर जातो. मग धुऊन पुसा आणि दिवसभर तसेच राहू द्या, कारण घुंगरांच्या आत पाणी अडकतं. दोऱ्यात ओवलेल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि मुद्दाम काळपट ठेवलेलं नक्षीकाम या पाण्यात घालू नका. ते इतवारीतल्या सराफाकडूनच साफ करून घ्या.

आता भिंत. नागपुरात फ्रेमपेक्षा भिंतीची निवड जास्त महत्त्वाची. पश्चिमेची भिंत मे महिन्यात संध्याकाळी हाताला चटका देते, बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते आणि कूलरसमोरची भिंत तर तीन महिने दमट हवाच खाते. दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून कॉर्कच्या चकत्या लावा, म्हणजे मागे हवा खेळती राहील. आणि बाळाच्या पलंगावर काचेची जड फ्रेम टांगू नका, खिळा कितीही पक्का असला तरी.

उरलेले कपडे पुढच्या बाळासाठी ठेवणार असाल तर त्यांत डांबराच्या गोळ्या टाकू नका. जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांमध्ये नॅप्थलीनच्या गोळ्यांमुळे रक्तपेशी फुटू शकतात. सुती कापडात गुंडाळा, वर्षातून दोनदा काढून हवा द्या, बस्स.

प्रश्न : सोनोग्राफीचा फोटो पुसट होत चाललाय. लॅमिनेट करून लावू का? (धरमपेठ)

उत्तर : लॅमिनेशन मुळीच नको. बहुतेक सोनोग्राफीचे फोटो उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतात. गरम लॅमिनेशनच्या मशीनमधून तो कागद काळाकुट्ट होऊन बाहेर येतो. आजच स्कॅन करा, चांगल्या कागदावर प्रत काढा आणि प्रतच भिंतीवर लावा. मूळ फोटो कागदी पाकिटात घालून आतल्या कपाटात ठेवा. कूलरच्या वरच्या फळीवर किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात नाही.

प्रश्न : बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने कसे जपावेत? (महाल)

उत्तर : फ्रेम करू नका. साखर आहे ती, पावसाळ्यात पाझरते आणि मुंग्या येतात. बाळाच्या अंगावरचा एक चांगला फोटो ठेवा. हार किंवा मुकुट ठेवायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.

प्रश्न : पहिल्या वाढदिवसाला सकाळी पूजा आणि पाहुणे. रात्री फक्त घरचे चार जण. स्वयंपाकघरात तासभरच थांबायचं आहे. गोळाभात केला की गोळे फुटतात, नाही तर दगड होतात. (सक्करदरा)

उत्तर : दोन्ही चुकांची कारणं निरनिराळी आहेत. बेसन बारीक असेल, मोहन कमी पडलं असेल किंवा गोळा फार दाबून वळला असेल तर तो दगड होतो. आणि भातावर पाणी उकळत असताना सोडलेला गोळा फुटतो.

चौघांसाठी दीड वाटी हरभऱ्याचा भरडा घ्या. तो रव्यासारखा कणीदार हवा. त्यात २ चहाचे चमचे तिखट, अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा ओवा, हिंग, मीठ, चिरलेला सांभार (कोथिंबीर) आणि ४ टेबलस्पून कडकडीत तेल घाला. तेल आधी चोळून घ्या. मूठ आवळली की पीठ धरलं पाहिजे आणि बोट लावलं की मोडलं पाहिजे. मग पाण्याचा हबका मारत भिजवा, ४-५ चमच्यांपेक्षा जास्त पाणी लागू नये. १० मिनिटं झाकून लिंबाएवढे गोळे वळा.

दीड वाटी जुना तांदूळ ४ वाट्या पाण्यात, मीठ घालून, जाड बुडाच्या पातेल्यात उघडाच शिजू द्या. पाणी तांदळाच्या पातळीला आलं, वर छिद्रं दिसू लागली की गोळे अलगद ठेवा. घट्ट झाकण लावा, खाली तवा सरकवा आणि अगदी मंद आचेवर २० मिनिटं राहू द्या. मध्ये ढवळू नका. कुकरमध्येच करायचा हट्ट असेल तर गोळे वेगळ्या डब्यात वाफवा.

तेवढ्या वेळात कढी होते. ३ वाट्या आंबट ताकात १ टेबलस्पून बेसन थंड असतानाच घुसळा आणि पहिली उकळी येईपर्यंत ढवळत राहा, नाही तर फाटते. शेवटी अर्धी वाटी तेलात मोहरी, हिंग आणि ४-५ भिवापुरी मिरच्यांची फोडणी करा. ताटात गोळा कुस्करून वर हे तेल घ्यायचं. तेलात कंजुषी केली तर गोळाभात घशाखाली उतरत नाही, हे विदर्भात सांगायला नको.

बाळासाठी दोन गोळे तिखटाशिवाय लांबट आकाराचे वळा, म्हणजे पातेल्यात लगेच ओळखू येतात. ते कोरडे देऊ नका, भरडा घशात अडकतो. मऊ भातात, साध्या वरणात नि तुपात अगदी बारीक कुस्करूनच द्या.