वाचकांचे प्रश्न : जवळच्या इथिओपियन हॉटेलात जेवायला जाताना

वॉशिंग्टन डीसी आणि आसपासच्या वाचकांकडून इथिओपियन जेवणाबद्दल बरेच प्रश्न आलेत, त्यातले चार इथे घेतेय. हे सगळं घरची माणसं चालवतात अशा साध्या, मोजक्या टेबलांच्या हॉटेलांबद्दल आहे. चकचकीत रेस्टॉरंटपेक्षा मला तिथलं जेवण कधीही जास्त आवडतं.

ताई, सासूबाई-सासरे पुण्याहून आलेत, दोघंही पक्के शाकाहारी. नवरा आणि मुलगा चिकन खाणारे. घराजवळ इथिओपियन हॉटेल आहे पण तिथे सगळे एकाच ताटात जेवतात म्हणे, आणि सासूबाईंना उष्टं अजिबात चालत नाही. न्यावं की नको? – सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड

जरूर न्या, फक्त ऑर्डर देताना थोडं लक्ष ठेवा.

आधी शाकाहाराचं बघू. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, शिवाय ईस्टरच्या आधी सलग 55 दिवस, आणि वर्षभरात अजून बरेच. सगळे उपास पाळणाऱ्या माणसाचे वर्षाचे 180च्या वर दिवस उपासाचे होतात, आणि त्या दिवशी मांस, अंडी, दूध, लोणी काहीच चालत नाही. त्यामुळे तिथलं शाकाहारी जेवण पिढ्यान् पिढ्या मुरलेलं आहे, आपल्यासाठी कोपऱ्यात ठेवलेला एखादा पदार्थ नव्हे. मेन्यूत 'बेयाइनेतू' किंवा नुसतं व्हेजी कॉम्बो शोधा, इथे ते बहुतेक ठिकाणी रोज मिळतं. त्यात मसुराचं तिखट मिसिर वोत, पिवळ्या वाटाण्याची डाळ हळद घालून केलेली किक अलिचा, गोमेन नावाची पालेभाजी, कोबी-बटाटा-गाजर, आणि बऱ्याचदा शिरो, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं मसालेदार पीठ शिजवलेलं, असं सगळं एका इंजेरावर, म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या मोठ्या मऊ पोळीवर, वाढून येतं.

आता सांभाळायचं कुठे. 'सिगा' म्हणजे मांस, तेव्हा गोमेन बे सिगा लिहिलं असेल तर त्यात मांस आहे, नुसतं गोमेन घ्या. बोझेना शिरोमध्येही मांस असतं. शिरोत कधी कधी मसाला घातलेलं साजूक तूप, नितर किब्बे, वापरतात, ते तुम्हाला चालणारच आहे पण व्हीगन कुणी असेल तर 'त्सोम आहे का', म्हणजे उपासाचं आहे का, असं विचारा, त्यांना लगेच कळतं. उपासाच्या मेन्यूत कधी कधी मासा असतो, हे मात्र आपल्याकडच्या माणसाच्या लक्षात येत नाही, तेव्हा तेही विचारून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चिकन आणि भाज्या एकाच ताटात मागवू नका. दोरो वोतचा, म्हणजे चिकनचा, रस्सा पसरतो आणि इंजेरा तो शोषून घेतो, मग सासूबाई काय खाणार? दोन वेगळी ताटं सांगा, कुणाला काही वावगं वाटत नाही, अर्ध्या घराचा उपास असला की त्यांच्याकडेही असंच वाढतात.

उष्ट्याचं त्यांना असं समजावून सांगा. जेवायच्या आधी हात धुतात, उजव्याच हाताने खातात, प्रत्येकाने आपल्या समोरच्या बाजूचं खायचं. खाली अंथरलेल्या इंजेराशिवाय गुंडाळ्या करून वेगळा इंजेरा देतात, त्याचा तुकडा तोडायचा, त्यात भाजी पकडायची आणि तोंडात टाकायची, म्हणजे भाजीला लागतो तो तुकडा, बोटं नाही. बोटं चाटणं तिथेही वाईटच समजतात. हे सगळं ऐकून बऱ्याच ज्येष्ठ लोकांचा संकोच जातो. तरीही नसेल पटत तर त्यांच्यासाठी निराळं छोटं ताट मागवा, आग्रह करू नका, त्यांनी पोटभर जेवणं महत्त्वाचं. गुर्शा, म्हणजे आपल्या हाताने दुसऱ्याला घास भरवणं, हा प्रेमाचा भाग आहे. नातवाने आजीला भरवला तर बघा काय होतं!

इंजेरा खूप आंबट लागला, शिळा होता का? आणि मला सिलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन अजिबात चालत नाही, टेफमध्ये ग्लुटेन नसतं असं मैत्रीण म्हणाली, मग मी बिनधास्त खाऊ शकते का? – अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया

शिळा नव्हता. पीठ दोन-तीन दिवस आंबवतात, आधीच्या पिठावरचं पाणी विरजणासारखं घालून, आणि मग मोठ्या गोल तव्यावर एकाच बाजूने भाजतात, वरून झाकण ठेवून, म्हणून वरच्या बाजूला ती बारीक बारीक भोकं पडतात. आंबटपणा घरोघरी वेगळा असतो.

पण बिनधास्त मुळीच खाऊ नका! टेफमध्ये ग्लुटेन नाही हे बरोबर, पण टेफ इथे महाग आहे, त्यामुळे अमेरिकेतल्या बऱ्याच हॉटेलांत इंजेरात गहू किंवा बार्ली मिसळतात. रंगावरून ओळखता येत नाही कारण टेफ पांढरंही असतं आणि तपकिरीही. पूर्ण टेफचा इंजेरा अनेक ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून सांगावा लागतो, थोडे जास्त पैसे पडतात. तवा तोच आहे का हेही विचारा. सिलिॲक असताना उत्तर गोलमोल आलं तर तिथे इंजेरा खाऊ नका, स्पष्टच सांगते.

जेवण झाल्यावर कॉफी मागितली तर मुलगी म्हणाली वेळ लागेल, आम्ही उठून आलो. एवढं काय असतं त्या कॉफीत? – फॉल्स चर्च, व्हर्जिनिया

अहो, थांबायला हवं होतं! बुना म्हणजे हिरव्या बिया तुमच्यासमोर धुऊन, भाजून, त्यांचा धूर टेबलाटेबलावर वास घ्यायला फिरवून, मग कुटून जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळलेली कॉफी. सोबत धूप आणि बऱ्याचदा पॉपकॉर्न. तीन वेळा ओततात, अबोल, तोना आणि बरका, पुढची आधीपेक्षा फिकी, आणि पहिल्यानंतर उठून जाणं बरं दिसत नाही. अरेबिका कॉफीचं मूळच त्या देशातलं, तिथल्या घरात पाहुण्याला असं बसवून पाजतात आणि शेजारीपाजारीही गप्पांना येतात. आपल्याला जेवून बिल देऊन पळायची सवय, त्यामुळे हे हुकतं, आणि मला खरंच वाईट वाटतं कारण तासभर निवांत बसायला मिळणं हेच त्या हॉटेलात जाण्याचं निम्मं कारण आहे. काही ठिकाणी हे फक्त शनिवार-रविवारी करतात, तेव्हा जेवणाची ऑर्डर देतानाच विचारून ठेवा. दुधाची हवी असेल तर मॅकियातो मागा, इथिओपिया इटलीच्या ताब्यात होता त्या 1936 ते 41च्या काळानंतर ती तिकडे चांगलीच रुजली आहे.

मुलं 5 आणि 8 वर्षांची, तिखट खात नाहीत. आणि ताट नेहमी उरतं, ते पॅक करून आणावं का? – रॉकव्हिल, मेरीलँड

मुलांना किक अलिचा, कोबी-बटाटा, फरसबी-गाजराची फोसोलिया, आणि आयिब नावाचं ताजं मऊ चीज द्या. लाल दिसेल त्यात बर्बेरे मसाला असणार, ते मोठ्यांसाठी.

उरलेलं जरूर आणा, पण आधी खालचा रस्सा प्यायलेला इंजेरा तिथेच संपवा, ताटातला सगळ्यात चविष्ट भाग तोच आणि लोक तोच टाकून येतात. कोरडा इंजेरा उरला तर दुसऱ्या दिवशी फिरफिर करा : कांदा तेलावर चांगला लाल परता, बर्बेरे आणि थोडं पाणी घालून उकळा, तुकडे टाका, झाकण ठेवून दोन मिनिटं. आपली फोडणीची पोळी खाणाऱ्या माणसाला आवडणारच. बर्बेरेची पुडी बऱ्याचदा त्याच हॉटेलाच्या पुढच्या छोट्या दुकानात मिळते. पहिल्यांदा अर्धा चमचाच घाला.