शेतकऱ्यांना मिळालेल्या सरकारी अनुदानाची यादी नावानिशी जाहीर करावी का? हा खासगीपणाचा भंग नाही का?

करावी. नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम, सगळं. खासगीपणाचं म्हणाल तर माझा सातबारा महाभूलेखवर कुणीही उघडून बघू शकतो. क्षेत्र, पीक, सोसायटीचा बोजा, सगळं दिसतं. मग सरकारने दिलेले पैसेच तेवढे झाकून कुणाचं भलं होतं?

२०२२ च्या पावसाळ्यात आमचं सोयाबीन पाण्यात सडलं. त्या वर्षी राज्य सरकारने जिरायतीला हेक्टरी १३,६०० रुपये, तीन हेक्टरच्या मर्यादेत जाहीर केले होते. पंचनामा झाला, वडिलांनी बांधावरच सही केली. बाधित क्षेत्र १.२० हेक्टर, म्हणजे १६,३२० यायला हवे होते. खात्यात आले २,७२०. वडील म्हणाले, आलं ते आलं. भाग देऊन बघितलं तर बरोबर ०.२० हेक्टर. लिहिताना पुढचा एक गळालाय हे उघड होतं, पण यादी दाखवायला कुणी तयार नाही. चावडीवर लावलीच नव्हती. तालुक्याला गेलो तर म्हणे, "दुसऱ्यांची वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही." ज्या यादीत माझ्या बापाचं नाव आहे ती यादी!

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर तेच, कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम. मग अपिलात कलम ४(१)(ख)(बारा) पुढे केलं. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने कुणी न मागताच जाहीर करायचा असतो, असं तिथे लिहिलेलं आहे. तेव्हा कुठे झेरॉक्स हातात पडली. वडिलांच्या नावापुढे ०.२० होतंच. पण त्याच पानावर एका गटात दोन हेक्टर सोयाबीन बाधित दाखवलेलं, आणि त्या गटात गेली कित्येक वर्षं मंगल कार्यालय उभं आहे. लॉनवर सोयाबीन पेरलं असेल तर कल्पना नाही. आमच्या फरकाचं विचारलं तर "पुरवणी यादीत घेतो" म्हणाले. ती पुरवणी अजून निघायची आहे.

आता आमचे दाजी. या विषयावर त्यांचं माझं कधीच जमलं नाही. "भिंतीवर याद्या लावून शेतकऱ्याची अब्रू काढता, त्यापेक्षा बड्या कंपन्यांची कर्जं राइट ऑफ होतात त्यांची नावं लावा की." लावा ना, मी कुठे नको म्हणतो? दोन्ही लावा. मग दुसरं, "युरोपात कोर्टाने हे बंद पाडलं." अर्धंच सांगतात. २०१० मध्ये तिथल्या न्यायालयाने सरसकट नावं टाकायला हरकत घेतली खरी, पण नंतर नियम बदलून याद्या पुन्हा सुरू झाल्या. अगदी छोट्या रकमा घेणाऱ्यांची नावं तेवढी झाकतात.

हां, एक राहिलंच. माझ्या हातात आलेल्या झेरॉक्सवर अख्ख्या गावाचे बँक खाते नंबर होते. हे साफ चूक. खातं, आधार, मोबाइल नंबर काळे करूनच यादी बाहेर यावी, आणि तुमची भीती त्यापुरती असेल तर ती रास्त आहे. शिवाय २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ८(१)(ञ) आणखी कडक केलंय, त्यामुळे अर्जात ४(१)(ख)(बारा) सोबत ८(२) पण लिहा, म्हणजे सार्वजनिक हिताचा मुद्दा हातात राहतो.

पीएम किसानची गावनिहाय यादी तर पोर्टलवरच बघायला मिळते, अर्जाचीही गरज नाही. आमचे दाजी शिक्षक, आयकर भरणारे, म्हणजे त्या योजनेत बसतच नाहीत. तरी वर्षाचे ६,००० घेत होते आणि पुढे वसुलीची नोटीस आली. शेतकऱ्याच्या अब्रूची काळजी त्यांना तेव्हापासून लागली आहे. दाजी, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. पैसे परत भरलेत ना? मग यादीला कशाला भिता?