ब्रिटनमधील पेंडोलिनो ही वेगवान रेल्वेगाडी वळणावर कलते, म्हणूनच ती वेगात असूनही उलटत नाही का?

हा समज पुष्कळांचा असतो, परंतु कलण्याचा आणि न उलटण्याचा संबंध फारसा नाही. गाडी रुळांवर टिकून राहते ती रुळांच्या आणि चाकांच्या रचनेमुळे व भार शक्य तितका खाली ठेवल्यामुळे. डबा कलतो तो आत बसलेल्या प्रवाशासाठी.

लंडनच्या यूस्टन स्थानकापासून ग्लासगोपर्यंतचा सुमारे 645 किलोमीटरचा वेस्ट कोस्ट मार्ग एकोणिसाव्या शतकातला आहे आणि उत्तरेकडील डोंगराळ भागात त्याला वळणे फार आहेत. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, पण त्याच रुळांवरून संथ मालगाड्याही जात असल्यामुळे ही उंची हवी तेवढी वाढवता येत नाही. उरलेली कसर डबा स्वतः आतल्या बाजूस, जास्तीत जास्त आठ अंशांपर्यंत, कलून भरून काढतो. तो कलला नाही, तर त्याच वेगात टेबलावरचा चहा घसरेल आणि उभ्या माणसाचा तोल जाईल.

मात्र वळणावर बाहेरच्या बाजूस ढकलणारा हा आडवा जोर पूर्णपणे नाहीसा करणेही बरे नसते, हे ब्रिटिश रेल्वेला आपल्या ‘एपीटी’ (अ‍ॅडव्हान्स्ड पॅसेंजर ट्रेन) या आधीच्या कलणाऱ्या गाडीवरून कळले. विजेवर चालणाऱ्या एपीटीने 1979 मध्ये चाचणीत ताशी 261 किलोमीटरचा वेग गाठला होता, पण डिसेंबर 1981 मध्ये ती प्रवाशांसाठी सुरू झाली तेव्हा काहींना मळमळू लागले, कारण खिडकीतून क्षितिज तिरपे होताना दिसे आणि शरीराला मात्र वळण जाणवतच नसे. त्यात कडाक्याच्या थंडीत ब्रेक गोठले, आणि वृत्तपत्रांनी गाडीची यथेच्छ टर उडवली. ती टर मला अन्यायाची वाटते, कारण याच गाडीने 1984 मध्ये लंडन-ग्लासगो अंतर 3 तास 52 मिनिटे 40 सेकंदांत कापले आणि जून 2021 मध्ये खास प्रयत्न करूनही पेंडोलिनोला तो विक्रम 21 सेकंदांनी हुकला. मळमळीवरचा उपाय सोपा निघाला: डबा थोडा कमी कलवायचा आणि वळणाची थोडी जाणीव मुद्दाम शिल्लक ठेवायची.

पेंडोलिनोची कलण्याची यंत्रणा इटलीच्या फियाट फेरोव्हियारियाची असून अल्स्टॉमने बर्मिंगहॅममध्ये बांधलेल्या या गाड्या 2002 पासून प्रवासी सेवेत आहेत. त्यांची घडण ताशी 225 किलोमीटरसाठी केलेली असली, तरी त्या 201 च्या पुढे जात नाहीत, आणि याचे कारण वळणे नव्हेत. त्यापुढच्या वेगात रुळांकडेचे सिग्नल पुरत नाहीत, ते चालकाच्या कक्षातच दिसावे लागतात. तशी व्यवस्था करण्याचा मूळ बेत सोडून द्यावा लागला. नव्या ‘एचएस-2’ या अतिवेगवान रेल्वेमार्गासाठीच्या गाड्या तर कलणाऱ्याच नाहीत, त्यामुळे जुन्या मार्गावर आल्या की वळणांवर त्यांना पेंडोलिनोपेक्षा हळू जावे लागेल.